सीट खाली केली होती, आता पुन्हा पहिल्या जागेवर कशी आणायची?

रानजाई

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण माझी चिडचिड किरकोळ नाही.

सुट्टीत नाशिकहून भाचा आला होता. वय वर्षे बारा, उंची माझ्या खांद्याला. त्याला माझीच हायब्रिड सायकल हवी होती, म्हणून सीट पार खाली करून दिली. सीटपोस्टवर (सीटखालच्या नळीवर) मी लाल इन्सुलेशन टेपचा वेढा मारून ठेवला होता, त्यामुळे निर्धास्त होते. साहेबांनी पार्किंगमध्ये बसल्या बसल्या तो नखाने सोलला, त्याची गोळी केली आणि सोसायटीच्या मांजरीला खेळायला दिली. साहेब गेले नाशिकला आणि मी बसलेय सीट वर-खाली करत.

अंदाजाने वर घेतली तर पौड रोडच्या चढाला मांड्या भरून येतात. आणखी वर घेतली तर पायडल खाली गेल्यावर पाय पुरत नाही, कंबर डावी-उजवीकडे हलते. मधे कुठेतरी ती जागा आहे, पण नेमकी कुठली? सीट आवळायला क्विक रिलीज (हाताने उघडायचा दांडा) आहे, त्यामुळे हत्यारांची अडचण नाही. रविवारी खडकवासला-डोणजे करायचा बेत आहे.

तर प्रश्न दोन. आधीची जागा आता कशी शोधायची? आणि पुन्हा खाली करावी लागली (लागणारच, दिवाळी येतेय) तर अशी कुठली खूण करायची जी बारा वर्षांच्या नखांना पुरून उरेल?

पिंगळा

मांजरीचा फोटो टाका. बाकी वाचतोय.

टेकडीवाला

रानजाई, टेप गेला तरी पुरावा राहिलेला असतो. सीटपोस्ट पूर्ण बाहेर ओढा आणि मोबाईलचा टॉर्च तिरका धरून बघा. जो भाग इतके महिने फ्रेमच्या आत होता तो चकचकीत असतो, त्यावर ग्रीसचा काळपट थर आणि उभे बारीक ओरखडे असतात. जो बाहेर होता त्यावर धूळ आणि ऊन बसून तो निस्तेज होतो. या दोन्हींच्या सीमेवर एक बारीक कडं दिसेल. क्लँपची, म्हणजे पोस्ट फ्रेममध्ये आवळून धरणाऱ्या कड्याची, वरची कड तिथे होती. तुम्ही टेप लावला होता म्हणताय, मग त्याचा चिकट डिंकही तिथेच असणार. बोट फिरवा, लागेल.

फक्त एक काळजी घ्या. भाच्याच्या मुक्कामाचंही एक पुसट कडं पडलेलं असेल. सीट खाली होती म्हणजे तेव्हा क्लँप पोस्टच्या वरच्या भागाला आवळला होता. म्हणून वरचं कडं भाच्याचं, खालचं तुमचं. उलटं धरलंत तर रविवारी डोणज्यापर्यंत गुडघे हनुवटीला लागतील.

ओला फडका मारून मग बघायला जाऊ नका. आधी बघा, मग पुसा.

अर्धासेंटिमीटर

टेकडीवाला यांची युक्ती उत्तम, पण कडं दिसलं नाही तर काय? किंवा नवीन पोस्ट असेल तर? म्हणून आकड्यांची वाटही सांगून ठेवतो. थोडं लांबेल.

आधी पायाची आतली लांबी मोजायची. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभं राहायचं, पावलांत साधारण वीतभर अंतर. पुठ्ठा बांधणीचं एक जाड पुस्तक दोन्ही पायांमध्ये घ्यायचं, त्याची एक कड भिंतीला टेकवायची म्हणजे ते तिरकं होत नाही, आणि सीटवर बसल्यावर जेवढा दाब येतो तेवढ्या दाबाने वर ढकलायचं. पुस्तकाच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची रेघ. जमिनीपासून रेघेपर्यंतचं अंतर ही तुमची लांबी. शिंप्याने पँटसाठी घेतलेलं माप इथे चालत नाही, ते नेहमी कमी भरतं.

आता दोन सूत्रं. पहिलं म्हणजे ही लांबी गुणिले ०.८८३. येणारा आकडा म्हणजे क्रँकच्या (पायडलच्या दांड्याच्या) मधल्या एक्सलपासून, म्हणजे बॉटम ब्रॅकेटच्या केंद्रापासून, सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतचं अंतर, सीटपोस्टच्या रेषेत मोजलेलं. १९८६, १९८९ आणि १९९० ची टूर द फ्रान्स जिंकणाऱ्या ग्रेग लेमाँडच्या नावाने हे ओळखलं जातं. दुसरं सूत्र हॅम्ली आणि थॉमस यांच्या १९६७ सालच्या अभ्यासातलं, लांबीच्या १०९ टक्के. पण हे माप बॉटम ब्रॅकेटपासून घ्यायचं नाही. क्रँक सीटच्या पाईपच्या रेषेत खाली आणायचा आणि पायडलच्या एक्सलपासून सीटच्या वरपर्यंत मोजायचं. बरेच लोक इथेच घोळ घालतात.

समजा लांबी ८० सेंमी. पहिल्या सूत्राने ७०.६. दुसऱ्याने ८७.२, त्यातून १७० मिमी क्रँकचे १७ वजा केले की ७०.२. म्हणजे दोन्ही सूत्रांत चार मिलिमीटरचा फरक. क्रँक १६५ किंवा १७५ चा असेल तर दुसऱ्या सूत्रात तो आपोआप धरला जातो, पहिल्यात नाही.

ही सूत्रं सुरुवात करायला आहेत. पायाच्या मापात एक सेंटिमीटर इकडेतिकडे झालं तर सीट जवळजवळ नऊ मिलिमीटरने चुकते. त्यामुळे ज्या उंचीवर तुम्ही महिनोन् महिने बिनतक्रार चालवत होतात ती सापडत असेल तर तीच खरी. सूत्राने वेगळा आकडा दिला म्हणून ती बदलायला जाऊ नका.

खटारा

अरे बापरे, पुस्तक काय, पेन्सिल काय, टूर द फ्रान्स काय! सायकल चालवायचीय की दहावीचा भूमितीचा पेपर द्यायचाय?

आमच्या पेठेतला सायकलवाला सीट अशी लावायचा. गिऱ्हाइकाला सायकलीशेजारी उभं करायचं. सीट काखेत, हात सरळ खाली, मधलं बोट मधल्या एक्सलला टेकलं पाहिजे. टेकलं की पाना आवळायचा आणि पुढचं गिऱ्हाईक. तेव्हा अर्धं पुणं त्या मापावर शाळा-कॉलेजात आणि कंपनीत जाऊन आलं. कुणाचा गुडघा गेला नाही.

दुसरी टाचेची पद्धत. भिंतीला हात टेकवून सायकलवर बसायचं, चप्पल-बूट काढायचा, टाच पायडलवर ठेवायची आणि उलटं पायडल मारायचं. पायडल सगळ्यात खाली गेल्यावर पाय सरळ झाला पाहिजे, पण कंबर न हलवता. मग चालवताना चवडा ठेवला की गुडघ्याला आपोआप थोडी घडी पडते. कागद नको, पेन्सिल नको.

अर्धासेंटिमीटर

खटारा काका, टाचेच्या पद्धतीला पूर्ण अनुमोदन. हातापायांचं प्रमाण सगळ्यांचं सारखं नसतं, त्यामुळे काखेच्या मापाला मात्र नाही. माझे हात लांब आहेत, त्या मापाने मी सीटवरून लोंबकळेन.

आणि कुणाचा गुडघा गेला नाही हे तुम्हाला कसं माहीत? तेव्हा गुडघा दुखला तर लोक तेल चोळायचे, सायकलवाल्याकडे तक्रार घेऊन जायचे नाहीत. ह.घ्या.

खटारा

घेतलं हलकं. तेल अजूनही चोळतो, सायकल अजूनही चालवतो.

सांधेजोड

फिजिओथेरपिस्ट म्हणून थोडी भर घालते.

पायडल सगळ्यात खाली असताना गुडघ्यात साधारण २५ ते ३५ अंशांची घडी राहावी, हा मान्य पल्ला. पाय ताठ सरळ नाही आणि फार मुडपलेलाही नाही. घरी बघायचं असेल तर कुणाला तरी बाजूने व्हिडिओ काढायला सांगा, मोबाईल गुडघ्याच्या उंचीला धरून. फोटोसाठी थांबून पाय खाली धरला की आपण नकळत टाच खाली सोडतो आणि कोन फसवा येतो. चालत्या पायडलचा व्हिडिओच बरा.

दुखण्याची जागा बरंच काही सांगते. गुडघ्याच्या पुढच्या बाजूला, वाटीच्या आसपास दुखत असेल तर बहुतेक वेळा सीट खाली आहे, गुडघा जास्त वाकून त्यावर जोर येतोय. मागच्या बाजूला, खोबणीत ताण येत असेल तर सीट वर आहे. कंबर हलणे हे तर वर असल्याचं सगळ्यात सोपं लक्षण. ते स्वतःला कळत नाही, मागून येणाऱ्याला विचारा. सतत चवड्याची बोटं खाली रोखून पायडल मारावं लागत असेल तरी तेच.

रानजाई, मांड्या भरून येतात म्हणालात. अंदाजाने लावलेली सीट खाली राहिली असावी. पण जुनी जागा सापडेपर्यंत एकदम दोन-दोन सेंटिमीटरच्या उड्या मारू नका. तीन ते पाच मिलिमीटर बदलायचं, एक छोटी फेरी मारायची, मग पुढचं. आणि बदल केल्या केल्या लगेच लांबचा पल्ला नको. सिंहगडाचा घाट तर नकोच.

डेक्कनकर

मी अलीकडेच सायकल सुरू केलीय. इथे सगळे पाय सरळ झाला पाहिजे म्हणताय, पण तेवढी सीट वर केली की सिग्नलला माझा पाय जमिनीला पोचत नाही. कर्वे रोडला मागून बस, बाजूने रिक्षा, अशा वेळी पाय टेकला नाही तर मी सरळ आडवीच होईन. म्हणून मी सीट खालीच ठेवते. दुकानदारानेही तशीच लावून दिली होती. हे चूक आहे का?

घाटमाथा

डेक्कनकर, चूक नाही, पण दोन वेगळ्या गोष्टी एकात गुंतल्यात. सोडवून सांगतो.

बॉटम ब्रॅकेट जमिनीपासून साधारण २८ सेंटिमीटरवर असतो, सायकलीप्रमाणे थोडं इकडेतिकडे. क्रँक १७ चा. म्हणजे पायडल सगळ्यात खाली आलं तरी ते जमिनीपासून ११ सेंटिमीटर वरच आहे. त्या पायडलवर तुमचा पाय जवळजवळ सरळ होत असेल तर त्याच्याही खाली ११ सेंटिमीटरवर असलेल्या जमिनीला अख्खं पाऊल टेकणार कुठून? बसल्या बसल्या दोन्ही तळवे आरामात टेकत असतील तर समजायचं, सीट पायडल मारण्यासाठी फार खाली आहे. बरोबर लावलेल्या सीटवरून फार तर एका पायाची बोटं टेकतात, तीही सायकल थोडी कलती करून.

म्हणून थांबताना बसून राहायचंच नाही. ब्रेक दाबत आणायचे, एक पायडल खाली घ्यायचं, त्यावर उभं राहायचं आणि सीटच्या पुढे सरकून दुसरा पाय जमिनीवर टेकवायचा. बूड सीटवरून सुटलेलं, दोन्ही पायांच्या मधे आडवा पाईप. निघताना वर आणलेल्या पायडलवर दाब द्यायचा, त्याच दाबाने सायकलही पुढे जाते आणि तुम्ही सीटवरही येता. रविवारी पहाटे विद्यापीठाच्या परिसरात किंवा एखाद्या रिकाम्या गल्लीत तासभर घोटा. अंगवळणी पडलं की सिग्नलची भीती जाते. तोवर सीट थोडी खाली ठेवलीत तर काही बिघडत नाही. पाच-पाच मिलिमीटरने वर आणत जा.

दुकानदारांचं म्हणाल तर नव्या गिऱ्हाइकाला पाय टेकला की सायकल आपल्या मापाची वाटते, म्हणून ते खाली लावून देतात. त्यात त्यांचा दोष नाही. पण नंतर कुणी वर करून घ्यायला परत जात नाही, आणि तीन महिन्यांनी सायकल बाल्कनीत कपडे वाळत घालायला उपयोगी पडते.

शनिवारचीभजी

शेवटच्या वाक्याचा मी निषेध करतो. माझ्या सायकलवर फक्त टॉवेल वाळत घालतात.

रानजाई

सापडलं! टेकडीवाला, तुमच्या तोंडात साखर पडो.

पोस्ट पूर्ण काढला. खिडकीपाशी नेऊन टॉर्च तिरका धरला तर अगदी तुम्ही म्हणता तशी दोन कडी. वरचं पुसट, त्याच्या खाली नुसती धुळीची रेघ. खालचं ठसठशीत, आणि त्याला लागून टेपच्या डिंकाचा चिकट पट्टा, त्यात मांजरीचा एक केससुद्धा. खालच्या कड्यावर क्लँप आवळला. बसल्याबरोबर कळलं की हीच. चांदणी चौकापर्यंत जाऊन आले, मांड्यांनी तोंड उघडलं नाही.

मग अर्धासेंटिमीटर यांच्यासाठी मोजलंही. पायाची लांबी ७९ भरली. कड्यावर लावलेल्या सीटचं बॉटम ब्रॅकेटपासूनचं माप ६९.४. सूत्रं काय म्हणतात ते तुम्हीच सांगा.

अर्धासेंटिमीटर

पहिलं ६९.८, दुसरं १७० च्या क्रँकने ६९.१. तुमची जागा बरोबर दोन्हींच्या मधे. आज मला झोप छान लागेल.

क्रँकच्या आतल्या बाजूला लांबी कोरलेली असते, एकदा बघून घ्या.

रानजाई

१७० च आहे. आता प्रश्न दुसरा. खूण कशाने करू? नेलपॉलिशचा ठिपका कसा वाटतो? घरात भरपूर आहे.

टेकडीवाला

नेलपॉलिश चांगलं, फक्त पोस्ट ॲल्युमिनियमचा किंवा स्टीलचा हवा आणि ठिपक्याची जागा आधी कोरडी पुसलेली हवी. ठिपका क्लँपच्या वरच्या कडेच्या अगदी वर, बाहेर दिसेल असा. क्लँपच्या आत गेला तर पहिल्याच वेळी घासून जातो. पर्मनंट मार्कर ग्रीसच्या बोटांनी पुसतो, इन्सुलेशन टेप उन्हाने पाघळून सरकतो. सरकलेली खूण नसलेल्या खुणेपेक्षा वाईट, कारण तिच्यावर आपण विश्वास ठेवतो.

कुणीतरी आता करवतीने बारीक खाच पाडायला सांगेल. नका पाडू. पोस्टवर सगळ्यात जास्त ताण नेमका क्लँपच्या तोंडाशी येतो आणि तुम्ही तिथेच खाच पाडताय. पोस्ट कार्बन फायबरचा असेल तर नखाएवढा ओरखडाही नको.

खटारा

खाच मीच सांगणार होतो. बरं, राहिलं.

मग गॅसच्या किंवा पाण्याच्या रबरी पाईपला लावतात ती स्क्रूची पट्टी घ्या, हार्डवेअरच्या दुकानात मिळते. पोस्टवर क्लँपच्या वर टेकवून आवळून टाका. सीट वर घ्यायची तर पोस्टबरोबर तीही वर जाते, पण खाली जायला अटकाव करते. भाचा आला की पट्टी ढिली करायची.

घाटमाथा

काका, पट्टी भारी आहे, पण तिचा उपयोग सीट आपोआप खाली घसरू नये म्हणून. खाली करायची तर पट्टी सोडवावी लागणार, आणि सोडवली की खूण गेलीच. रानजाईंना नेमकं उलटं हवंय. (कार्बनवर ती पट्टीही नको, कडेने दाबते.)

मी गाडीच्या डिकीतून आणि रेल्वेतून सायकल नेतो, त्यामुळे सीट सारखी काढावी लागते. दोन मापं मोबाईलमध्ये लिहून ठेवलीत, आणि ती दोन का लागतात ते सांगतो. एक म्हणजे क्लँपच्या वरच्या कडेपासून सीटखालच्या रेल्सपर्यंत (सीटच्या दोन दांड्यांपर्यंत) उघड्या पोस्टची लांबी. हे मोजायला सोपं, एकट्याला जमतं, रस्त्याच्या कडेला पाच सेकंदांत होतं. तीच सीट आणि तोच पोस्ट असेल तर एवढं पुरतं. पण सीट बदलली, पोस्ट बदलला, तर हा आकडा निरुपयोगी. नव्या सीटची जाडी वेगळी असते. तेव्हा दुसरं माप लागतं, बॉटम ब्रॅकेटपासून सीटच्या वरपर्यंतचं.

ते घेताना टेप सीटपोस्टच्या रेषेत, नेहमी सायकलीच्या एकाच बाजूने, आणि सीटवर नेहमी एकाच जागी. मी सीटच्या मधोमध एक बारीक ठिपका दिलाय. सीट ढुंगणाकडे पसरट आणि चढती असते, त्यामुळे जागा बदलली की आकडा सहज पाच मिलिमीटरने बदलतो.

आणखी एक. पोस्ट सरळ उभा नसतो, मागे कललेला असतो, साधारण ७३ अंशांत. सीट दोन सेंटिमीटर वर केली की ती सहा मिलिमीटर मागेही जाते. म्हणजे हँडल लांब जातं. ज्यांना सीट वर केल्यावर हात आणि मान अवघडल्यासारखी वाटते त्यांनी हे लक्षात घ्यावं.

सांधेजोड

+१. यात बुटांचीही भर घाला. स्पोर्ट्स शूजच्या जाड तळव्यावरून पातळ तळव्याच्या सायकलिंग शूजवर आलात तर पाय तेवढा तोकडा पडतो. जाड पॅडची शॉर्ट्स असेल तर थोडी उंची ती खाते. माप घ्यायचं ते नेहमीच्या बुटांत आणि नेहमीच्या कपड्यांत.

खटारा

आणि चामड्याची सीट असेल तर ती वर्षागणिक मधे बसते, स्प्रिंगवाली तर बसल्याक्षणीच दबते. माझ्या सीटला दोन्ही आहेत. तुमचा आकडा तिथे काय करणार? शेवटी बूड सांगेल तेच खरं.

अर्धासेंटिमीटर

काका, इथे तुम्ही जिंकलात.

डेक्कनकर

सीट जागेवर आली हे ठीक, पण तिचं नाक कधीच सरळ बसत नाही. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. यावर उपाय?

टेकडीवाला

सायकलीच्या मागे उभे राहा, सीटच्या मागच्या बाजूवरून एक डोळा मिटून बघा. सीटचं नाक आडव्या पाईपच्या मधल्या रेषेत आलं पाहिजे. हँडलकडे बघून लावू नका, हँडलच वाकडं असू शकतं. उंचीचा ठिपका पोस्टच्या बरोबर मागच्या बाजूला, फ्रेमला जी चीर असते तिच्या वर द्या. मग एकाच ठिपक्यात उंचीही कळते आणि दिशाही.

रानजाई

हे झकास. केलं. जांभळा ठिपका चिरेच्या बरोबर वर. भाच्याच्या उंचीला दुसरा, हिरवा. बहिणीला फोटो पाठवला तर ती म्हणते दिवाळीपर्यंत तो आणखी वाढलेला असेल, दोन बोटं जागा सोडून दे.

शनिवारचीभजी

माझा टॉवेलस्टँड या धाग्यामुळे खाली उतरवला गेला आहे. पण अडचण अशी की मी सीट वर करतो, बालगंधर्वच्या पुलापर्यंत जातो, तोवर ती बोटभर खाली आलेली असते. वळतेही. क्विक रिलीज जीव खाऊन दाबलाय. वजन कमी करा असं सांगणाऱ्यांचे प्रतिसाद वाचले जाणार नाहीत.

घाटमाथा

वजनाचा संबंध नाही, माझं तुमच्याहून जास्तच असेल.

आधी क्विक रिलीज. तो फिरवून आवळायचा नसतो. दांडा उघडा ठेवून समोरचा नट हाताने आवळायचा, मग दांडा मिटायचा. मिटताना अर्ध्या वाटेपासून जोर लागायला हवा आणि तळहातावर त्याचा ठसा उमटायला हवा. सहज मिटला तर नट अजून थोडा. बोल्टवाला क्लँप असेल तर त्यावर बहुधा न्यूटन मीटरमध्ये आकडा छापलेला असतो, पाच-सहाच्या आसपास. ॲलन कीला पाईप लावून त्याच्या पलीकडे आवळलं तर क्लँप तुटतो किंवा पोस्ट चेपतो.

दुसरं, क्लँप काढून आतून बघा. तिथे ग्रीस असेल तर पुसा. ग्रीस पोस्ट आणि फ्रेम यांच्या मधे हवं, पातळ थर, म्हणजे ॲल्युमिनियमचा पोस्ट स्टीलच्या फ्रेममध्ये गंजून जाम होत नाही. त्यासाठी वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, पोस्ट काढून पुसून पुन्हा लावायचा. कार्बनला ग्रीस अजिबात नको, त्याची वेगळी खरखरीत पेस्ट मिळते.

तरीही घसरत असेल तर पोस्टची जाडी बघा. पोस्टच्या खालच्या टोकाला कोरलेली असते.

टेकडीवाला

पावसाळ्याचा विषय निघाला म्हणून एक अवांतर. जुनी ट्यूब टाकू नका. तिचा बोटभर लांबीचा तुकडा कापून पोस्टवरून चढवा आणि क्लँपवर ओढून बसवा. मागच्या चाकाने उडवलेलं पाणी फ्रेमच्या चिरेतून आत जातं ते थांबतं. पुण्यात पाऊस पडतो त्यापेक्षा जास्त पाणी रस्ताच उडवतो. रबर वर सरकवलं की तुमचा ठिपका दिसतो, आणि नखांपासूनही झाकलेला राहतो. रानजाई, ऐकताय ना?

पिंगळा

इतका वेळ वाचत होतो, आता विचारतो. माझी उंची सहा फूट दोन इंच. टाचेच्या पद्धतीने लावली तर पोस्टवरची आडवी रेघ दिसायला लागते आणि खाली काहीतरी बारीक अक्षरं. तेवढ्याने काय होतं? एखादा सेंटिमीटरच बाहेर आहे.

अर्धासेंटिमीटर

होतं. ती किमान किती पोस्ट आत हवा याची रेघ. ती कधीच दिसता कामा नये. पोस्टचा आत राहिलेला तुकडा आखूड झाला की तुमचं सगळं वजन फ्रेमच्या तोंडाशी तरफेसारखं लागतं. पोस्ट वाकतो, नाहीतर सीट ट्यूबला तडा जातो, आणि फ्रेम गेली म्हणजे सायकल गेली. त्याच जाडीचा लांब पोस्ट मिळतो, ४०० मिमीचा घ्या. तोवर रेघ झाकेल इतकी सीट खाली.

तरीही फार खाली वाटली तर मूळ फ्रेमच तुम्हाला लहान आहे. त्याला पोस्ट काही करू शकत नाही.

पिंगळा

आजच खाली केली. घेतो लांब पोस्ट.

डेक्कनकर

टेकडीवाला, तुम्ही टेकडीवर उतरताना सीट खाली करता ना? मग दर वेळी ठिपका शोधत बसता?

टेकडीवाला

आता नाही. ड्रॉपर पोस्ट बसवलाय. हँडलवरचं बटण दाबून बसलं की सीट खाली जाते, बूड उचलून पुन्हा दाबलं की आपोआप वर, थेट ठरलेल्या उंचीला. ती उंची एकदाच नीट लावायची. खडबडीत उताराला अंग मागे न्यायला जागा मिळते, त्यासाठी आहे तो. रस्त्यावर चालवणाऱ्याला त्याची गरज नाही. वजन वाढतं, खिसा हलका होतो. आणि टेकडीवर पहाटे फिरायला आलेल्या आजी-आजोबांमधून वाट काढताना तो कितीही खाली जाऊ दे, उतरून सायकल हातात धरणं हेच बरं.

शनिवारचीभजी

अपडेट. क्विक रिलीज घाटमाथा म्हणतात तसा आवळला, तळहातावर ठसा आला, सीट तरीही घसरली. क्लँपमधलं ग्रीस पुसलं, थोडी कमी घसरली. शेवटी पोस्ट काढला. खालच्या टोकाला कोरलंय २७.०. दुकानात जाऊन व्हर्नियर लावला तर फ्रेमचं भोक २७.२ चं. आधीच्या मालकाने कधीतरी पोस्ट बदलला असणार.

घाटमाथा

मग तर सुटलंच. ०.२ मिमीचा फरक हाताला कळत नाही, पण क्लँपला कळतो. कितीही आवळा, पकड येणार नाही. काही जण मधे कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळून घालतात, तो घरी जाईपर्यंत ठीक. २७.२ सगळ्यात जास्त चालणारं माप आहे, सहज मिळेल.

शनिवारचीभजी

मिळाला. बसवला. आज बालगंधर्व, संभाजी बाग, परत. अजिबात हलली नाही. क्लँपपासून रेल्सपर्यंत १६.८, मोबाईलमध्ये लिहून ठेवलंय.

टॉवेल आता दाराला.